तबकडीची सरहद्द

आमच्या भागातल्या माणसाला सरहद्द म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पांढुर्ण्याहून वरुडच्या दिशेने निघालो की थोड्याच वेळात रस्त्याकडेच्या पाट्यांची भाषा बदलते. संत्र्याच्या बागा मात्र बदलत नाहीत, माती बदलत नाही, आणि बागेला पाणी देणाऱ्या माणसाची बोली तर मुळीच बदलत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली सौंसरला सोबत घेऊन पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कागद बदलले, घरात मराठी आणि शाळेत हिंदी हा आमचा संसार होता तसाच चालू आहे. त्यामुळे एखाद्या वस्तूवर ‘ही इकडे चालेल, तिकडे चालणार नाही’ असे लिहिलेले दिसले की आमचे कान टवकारतात. हे लिहिणारा कोण आणि त्याने ते का लिहिले, असे विचारल्यावाचून आम्हाला राहवत नाही.

हा लेख अशाच एका शिक्क्याविषयी आहे. तो शिक्का कपाळावर घेऊन तीन तबकड्या अमेरिकेतून माझ्या घरी आल्या.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. काय आणू, असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा मी सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांचा संच मागितला. ‘पथेर पांचाली’ १९५५ चा, ‘अपराजितो’ १९५६ चा आणि ‘अपूर संसार’ १९५९ चा. एम.ए.ला नागपूरला होतो, तेव्हा यातला पहिला चित्रपट एका खेळात पाहिला होता. पडद्यावर रेघांचा पाऊस पडत होता आणि आवाज खरखरत होता. तरीही तो मनातून गेला नाही. घरी आलो की आईला त्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायचो. आई म्हणायची, “मले दाखव एकदा.” मी मान हलवायचो आणि विषय टाळायचो. त्या चित्रपटात एक मुलगी पावसात भिजते, तापाने फणफणते आणि जाते. माझी थोरली बहीण अकराव्या वर्षी अशीच गेली होती. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. तिचा एकही फोटो घरात नाही आणि आईने तिचे नाव पन्नास वर्षांत आमच्यासमोर घेतले नव्हते. आता आई ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा म्हणाली, “दाखव,” आणि या वेळी टाळावेसे वाटले नाही.

कोणी म्हणेल, या काळात तबकड्या कशाला? सगळे मोबाईलवर मिळते की! मिळते, पण तळहाताएवढ्या काचेवर ब्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना काय दिसणार? शिवाय या तबकड्यांना एक इतिहास आहे. राय यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. जळून वाकड्या झालेल्या त्या फिती टाकून न देता जपून ठेवल्या गेल्या. पुढे इटलीत बोलोन्या येथील कारागिरांनी त्या ओलाव्यावर मऊ केल्या, हाताने सांधल्या, आणि जिथे फीत उरलीच नव्हती तिथे दुसऱ्या चांगल्या प्रतींचा आधार घेतला. ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला तो कलकत्त्यात नव्हे, तर १९५५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. साठ वर्षांनी, २०१५ च्या मे महिन्यात, हा दुरुस्त झालेला संच लोकांसमोर आला तोही तिथेच. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या तबकड्या निघाल्या.

भाच्याने त्या आणून दिल्या. मुलाचे व्हिडिओ गेमचे जुने यंत्र घरात होतेच. नागपूरहून घेतलेले, डीव्हीडी चालवणारे. त्यात तबकडी घातली. यंत्राने ती दोनदा फिरवून पाहिली आणि पडद्यावर नम्रपणे लिहिले की ही तबकडी या विभागाची नाही.

म्हणजे पाहा: बंगालमधल्या एका खेड्याची गोष्ट, पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने पूर्ण झालेली, सतार रविशंकरांची, आणि तिला हिंदुस्थानात प्रवेश नाही!

इथे थोडे यंत्रशास्त्र सांगतो. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरालाही ते समजले, तेव्हा कोणालाही समजेल. परदेशी तबकडी आणि आपला पडदा यांच्यामध्ये तीन अडथळे असतात, आणि तिघांची जात वेगवेगळी असते.

पहिला अडथळा विभागाच्या आकड्याचा. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत बाजारात आली. त्या काळी चित्रपट आधी अमेरिकेतल्या थिएटरांत लागे आणि इतर देशांत काही महिन्यांनी पोचे. थिएटरच्या आधी तबकडी पोचू नये, आणि एका देशातली स्वस्त तबकडी दुसऱ्या देशात विकली जाऊ नये, म्हणून चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा वाटे करून घेतले. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप, जपान आणि पश्चिम आशिया २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४, आपण, आपले शेजारी, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग ५, चीन ६. विमाने आणि जहाजे यांच्यासाठी ८ हा आकडा निराळा. तबकडीवर एक आकडा आणि यंत्राच्या पोटात एक आकडा. दोन्ही जुळले तरच दार उघडते. नंतर ब्लू-रे आली तेव्हा सहाचे तीन वाटे झाले, ए, बी आणि सी. त्यात आपण सी मध्ये. संगणकातल्या डीव्हीडीच्या खणाला थोडी मोकळीक असते. त्याचा विभाग पाच वेळा बदलता येतो; पाचव्या बदलानंतर मात्र तो जिथे असेल तिथला कायमचा रहिवासी होतो. मूळ निवासी प्रमाणपत्रासाठी ज्यांनी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हे नियम परके वाटणार नाहीत.

व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा यात मोठा वाटा आहे. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चालत असे. ते यंत्र पंधरा कोटींहून अधिक विकले गेले आणि कितीतरी घरांत पहिली डीव्हीडी त्याच्यावरच फिरली. २००६ साली प्लेस्टेशन ३ आले, ते ब्लू-रे घेऊन. गंमत अशी की या तिसऱ्या यंत्रावर खेळाच्या बहुतेक तबकड्या जगात कुठल्याही चालतात. अडवली जाते ती सिनेमाची तबकडी. एकाच घरात, एकाच दारातून खेळाला मोकळा रस्ता आणि गोष्टीला नाका! हा अडथळा ना काचेचा, ना विजेचा. तो केवळ करारातला आहे. मोडतोड न करता त्यातून जाण्याचा सरळ उपाय एकच: तबकडी जिथली, यंत्रही तिथलेच हवे. भाच्याच्या घरी त्याचे असे एक यंत्र धूळ खात पडले होते. पुढच्या खेपेला तो ते घेऊन आला. असे यंत्र तिकडून येते तेव्हा आधी त्याच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तिच्यावर नुसते १२० व्होल्ट लिहिले असेल, तर आपल्या २३० व्होल्टांत ते थेट लावू नये. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. १०० ते २४० असे लिहिले असेल तर फक्त पिन बदलली की भागते.

दुसरा अडथळा चित्रांच्या मोजणीचा, आणि हा इतिहासातून आलेला. अमेरिकेत विजेचे कंप सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. टेलिव्हिजन जन्मला तेव्हा चित्रांचा ठेका त्या त्या देशाच्या विजेशी जुळवून घेतला गेला. म्हणून तिकडची पद्धत, एनटीएससी, सेकंदाला सुमारे ३० चित्रे आणि ५२५ रेषांची. आपली, पाल, २५ चित्रे आणि ६२५ रेषांची. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले ते पाल पद्धतीने. आमच्या मागच्या खोलीत जुना डबा-टीव्ही आहे. अमेरिकन तबकडीचे चित्र त्याच्यावर वरून खाली सरकत राहते. सपाट पडद्याच्या नव्या टीव्हीला मात्र दोन्ही ठेके येतात. दोन्ही भाषा येणाऱ्या आमच्या पोरांसारखे.

यात एक गोष्ट कळली, ती गाणे शिकणाऱ्यांना आवडेल. सिनेमा मुळात सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. पाल तबकडी करताना तो सरळ २५ च्या चालीने पळवतात. दोन तासांचा सिनेमा पाच मिनिटे आधी संपतो आणि आवाजाची पट्टी चढते. षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याच्या दोन-तृतीयांशाएवढी. ती मुद्दाम उतरवून घेतली नाही, तर रविशंकरांची सतार ज्या सुरात वाजली त्या सुरात ऐकू येत नाही. एनटीएससीत काही चित्रे पुन्हा दाखवून २४ चे ३० केले जातात, त्यामुळे हालचालीला किंचित धक्का बसतो; पण सूर जागचा हलत नाही. म्हणजे परक्या मोजणीची तबकडी सुराला अधिक इमानी निघाली.

तिसरा अडथळा केबलचा. यंत्रासोबत आली ती तीन तोंडांची केबल, पिवळे, पांढरे आणि लाल. पांढरे डाव्या कानाचे, लाल उजव्या कानाचे आणि पिवळे सगळ्या चित्राचे. या एकाच पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग दोन्ही मिसळून जातात. टीव्हीला पलीकडे ते निवडून वेगळे करावे लागतात. बारीक नक्षी आली की त्याची फसगत होते आणि तो उजेडालाच रंग समजतो. ‘पथेर पांचाली’त अपू आणि दुर्गा काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून आगगाडी पाहायला धावतात. सिनेमा कृष्णधवल, पण पिवळ्या वायरीतून ते काशाचे रान हिरवे-जांभळे झळकू लागले, पाण्यावर रॉकेल सांडावे तसे. नात म्हणाली, “दादाजी, इंद्रधनुष!” मी म्हटले, “बाळ, हा इंद्रधनुष्य सिनेमात नाही, वायरीत आहे.”

याच्या वरची एस-व्हिडिओ केबल उजेड आणि रंग वेगळे नेते. तिच्याही वरची कंपोनंट, हिरव्या, निळ्या आणि लाल तोंडांची. तिच्यातली हिरवी वायर उजेड नेते आणि निळी-लाल मिळून रंग. या केबलला आवाजाचेही एक लाल तोंड असते. दोन लालांची अदलाबदल झाली की चित्राचा रंग जातो आणि एका कानात घरघर सुरू होते. सर्वात सोपी ती एचडीएमआय: एकच चपटे तोंड आणि चित्र-आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपात. आकडे एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत. अर्धवट पोचले तर पडद्यावर ठिणग्या दिसतात. म्हणून चार-सहा फुटांच्या अंतराला सोन्याचा मुलामा दिलेली महाग केबल घेऊन चित्र अधिक सुंदर होत नाही. नागपूरला सीताबर्डीवर एका दुकानदाराने मला तशी केबल पुढे केली होती. मी तिला नमस्कार करून साधी घेतली, आणि काशाचे तुरे पांढरे झाले. एक खुबी लक्षात ठेवावी: केबल बदलल्यावर पडदा काळाच राहिला, तर प्लेस्टेशन ३ चे चालू करायचे बटण दुसऱ्यांदा ‘टिक्’ होईपर्यंत दाबून धरावे. मग ते नवी केबल स्वतः ओळखते.

आमच्याकडचे जुने लोक हे सगळे एका शब्दात समजतील. पांढुर्ण्याहून जाणारा नागपूर-इटारसी मार्ग पहिल्यापासून रुंद, साडेपाच फुटांचा. सौंसरहून छिंदवाड्याला जाणारी छोटी लाइन अडीच फुटांची. २०१५ च्या अखेरीस ती छोटी गाडी थांबली आणि तिथेही रुंद रूळ आले. तोवर नागपूरला उतरून डोक्यावर गाठोडे घेऊन दुसऱ्या गाडीत बसणे हेच आमचे एचडीएमआय होते.

तीन अडथळे संपले आणि एका संध्याकाळी आईसमोर तबकडी लावली. तेव्हा लक्षात आले की चौथा बाकीच आहे. बोलणे बंगाली आणि खाली अक्षरे इंग्रजी. आईला दोन्ही येत नाही. नात नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली. तिची तोंडची भाषा दिवसेंदिवस हिंदी होत चालली आहे. मी मध्ये बसलो आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागलो. नात म्हणाली, “हिंदी में बताओ ना.” पाचेक मिनिटांनी आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “थांब बापू. मले समजून रायलं.” माँ, दिदी, भात, आम एवढे शब्द तिने पकडले होते. बाकीचे ती त्या घराच्या अंगणावरून, चुलीवरून आणि पोचे पडलेल्या भांड्यांवरून वाचत होती. इंदिर ठाकरूण होऊन ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी ताटात हात घालतात, तेव्हा आई हसली. “हे बुढी आपल्या गावची हाय वं.” तिने लहानपणी तंबूच्या टॉकीजमध्ये आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पाहिला होता. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा तो चित्रपट. त्यानंतर दोनच वर्षांत आलेल्या ‘पथेर पांचाली’लाही तो मान मिळाला. आईला त्या मानाशी कर्तव्य नव्हते. पण दोन्ही आया तिने शेजारी-शेजारी बसवल्या.

मग पाऊस आला. दुर्गा भिजली, तापली, गेली. बाप गावाहून परत येतो, पिशवीतून एकेक वस्तू काढतो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. तेव्हा सर्वजया तोंडात पदर धरून कोसळते. त्या आईचा आक्रोश राय यांनी ऐकवलेला नाही. तिथे तारशहनाईचे उंच सूर आहेत. खाली इंग्रजी अक्षरे नव्हती. कारण शब्दच नव्हते. मला सांगण्यासारखे काही उरले नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्या बाईलेही असाच ताप होता. अन् पानी बी असंच.”

थोरल्या मुलीला आमच्या घरात ‘बाई’ म्हणत. नातीने विचारले, “कौन बाई, बड़ी आजी?” आईने तिला जवळ ओढले आणि सांगायला सुरुवात केली. कन्हानला आलेला पूर, सौंसरचा दवाखाना पलीकडच्या काठावर, बाईच्या केसांचा रंग, तिला आवडणाऱ्या करवंदांच्या जागा. सगळे आमच्या बोलीत, एकही शब्द हिंदीत न करता. मीही पन्नास वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या बहिणीचे केस पिंगट होते, हे मला त्या दिवशी कळले. मध्येच नातीने विचारले, “मग तुम्ही नावेनं काहून नाही गेल्या?” तिच्या तोंडातून ‘काहून’ निघाला, हे तिला कळलेही नाही. तिच्या बापाने कितीदा सांगितले, मी कितीदा पाढे घातले. शब्द आला तो ऐकण्याची ओढ लागली तेव्हा.

शाळेत आम्ही मराठीची काळजी करतो: पुस्तके वेळेवर येतात का, तास किती, मुले किती. ती काळजी केलीच पाहिजे, ते अडथळे खरेच आहेत. पण घरातले काही अडथळे आपण फार लवकर निसर्गाचे मानून बसतो. पोरांना आता समजत नाही, त्यांना नको असते, असे म्हणून सांगणे थांबवतो. त्यातला कोणता करार आहे, कोणती जुनी सवय आणि कोणती नुसती चुकीची वायर, हे एकदा उकलून पाहायला काय हरकत आहे?

तबकड्यांचे दिवस सरले, हे मला दिसते. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठवणे २०२३ च्या सप्टेंबरात बंद केले; खेळाची नवी यंत्रे तर तबकडीच्या खणावाचूनही मिळतात. सरहद्दी मात्र सरल्या नाहीत. जे चलचित्र भाच्याला तिकडे दिसते, ते इकडे उघडू गेलो की ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ असे कधीकधी उमटतेच. आकडा तबकडीवरून पुसला गेला आणि हवेत जाऊन बसला, एवढेच. निदान हातातली तबकडी करार संपला म्हणून रातोरात नाहीशी होत नाही.

भाच्याच्या यंत्राचीही एक अट निघाली. ते तिकडच्या तबकड्या आनंदाने फिरवते, पण आपल्या पाल पद्धतीच्या तबकडीला नकार देते. त्यामुळे मुलाचे जुने यंत्र टाकून देता आले नाही. आता फळीवर दोन्ही शेजारी ठेवली आहेत, टीव्हीला दोन वायरी जातात, आणि कोणत्या वेळी कोणते चालू करायचे याचा घोटाळा होऊ नये म्हणून नातीने वहीचे दोन तुकडे फाडून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. एकीवर ‘इकडचं’, दुसरीवर ‘तिकडचं’. अक्षर तिचे आहे, आणि अनुस्वार जागच्या जागी आहेत.